कोगनोळीचा टोल : दांडा आधी उघडतो, पैसे नंतर कापले जातात

चोर्ला घाटातून बेळगावमार्गे कोल्हापूर वा पुण्याकडे निघालेल्या गोव्यातील वाहनांना राष्ट्रीय महामार्ग ४८ वर प्रथम हत्तरगी आणि पुढे निपाणीजवळ कोगनोळी येथे टोल भरावा लागतो. नाक्यावरील आडवा दांडा आधी उघडतो. रक्कम वजा झाल्याचा बँकेचा संदेश नंतर येतो. हा क्रम मुद्दामच ठरवलेला आहे.

काचेवरील फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. रीडरच्या रेडिओलहरींतून मिळणाऱ्या ऊर्जेवर तो आपला क्रमांक कळवतो. नाक्याचा संगणक टॅगची स्थिती पाहून दांडा उघडतो आणि व्यवहाराची नोंद नाक्याच्या बँकेकडे पाठवतो. तेथून ती नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या मध्यवर्ती यंत्रणेकडे जाते. टॅग कोणत्या बँकेचा आहे हे तेथे ठरते आणि मग त्या बँकेतील वाहनधारकाच्या खात्यातून रक्कम वजा होते.

म्हणजे ही एकच अवाढव्य संगणकप्रणाली नव्हे. ठरलेल्या नमुन्यात एकमेकांना संदेश देणाऱ्या स्वतंत्र यंत्रणांची ती साखळी आहे. शेजारच्या यंत्रणेचे काम आतून कसे चालते, हे कोणालाही ठाऊक असावे लागत नाही. त्यामुळे पणजीत घेतलेला कोणत्याही बँकेचा टॅग कोगनोळीत चालतो आणि एखाद्या बँकेचे उत्तर उशिरा आले, तरी रांग खोळंबत नाही. जोडणीही सोपी होते. १ जानेवारी २०२१ पासून जीएसटीच्या ई-वे बिल यंत्रणेला फास्टॅगची माहिती मिळू लागली, तेव्हा मालमोटारींना त्यासाठी वेगळा टॅग लावावा लागला नाही.

मात्र कामाची विभागणी झाली, की जबाबदारीचीही विभागणी होते. एकाच फेरीसाठी दोनदा रक्कम गेली, तर नाक्यावरील कर्मचारी ती परत करू शकत नाही. कारण खाते त्याच्याकडे नसते. दाद टॅग देणाऱ्या बँकेकडे मागावी लागते. ती बँक मध्यवर्ती यंत्रणेमार्फत नाक्याच्या बँकेकडे परताव्याचा दावा करते. महामार्गावरील तक्रारींसाठी १०३३ हा क्रमांकही आहे.

१५ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नियमानुसार टॅग वैध नसल्यास रोखीने दुप्पट, तर यूपीआयने सव्वापट टोल ठरवण्यात आला. म्हणून चूक कोणत्या टप्प्यावर झाली, हा प्रश्न थेट प्रवाशाच्या खिशाशी निगडित आहे. त्याचे एक स्पष्ट उत्तर मे २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेत मिळते : टॅग वैध असून खात्यात पुरेशी रक्कम असताना नाक्याच्या यंत्रणेतील बिघाडामुळे व्यवहार झाला नाही, तर वाहन शुल्क न घेता सोडावे आणि शून्य रकमेची पावती द्यावी. यंत्रणा कितीही भागांत विभागलेली असली, तरी नाक्यावरील बिघाडाचा भार या नियमाने नाक्यावरच ठेवला आहे. रांगेत अडवल्या गेलेल्या वाहनचालकाला हा नियम ठाऊक असायलाच हवा.