‘करून पाहणं’ आणि काही निळे कागद

आजचा विषय छंदाचा आहे. पण खोड जात नाही, त्यामुळे आम्ही तो तर्कशास्त्राच्या दारातूनच आत आणणार, हे आधी सांगून ठेवतो.

आपल्या बोलण्यात ‘करून पाहणं’ हा प्रयोग सारखा येतो. नवी भाजी करून पाहिली, दुसऱ्या रस्त्यानं जाऊन पाहिलं. यात क्रिया दोन आहेत, करणं आणि पाहणं. छायाचित्रणाच्या छंदात आपण नवनवी तंत्रं करतो खरी, पण पाहतो का? आमची तक्रार एवढीच आहे, आणि ती सगळ्यात आधी आमच्याविरुद्ध आहे.

निवृत्तीनंतर आम्ही सायनोटाइप करायला लागलो. याला कॅमेरा लागत नाही. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरीसायनाइड ही दोन द्रव्यं वेगवेगळ्या पाण्यात विरघळवायची, मंद उजेडात समप्रमाणात एकत्र करायची, ब्रशनं कागदावर लावायची आणि कागद अंधारात वाळवायचा. त्यावर पान ठेवायचं, वर काच, आणि उन्हात न्यायचं. ऊन लागलेल्या जागी प्रशियन ब्लू हा न विरघळणारा निळा रंग तयार होतो. पानाखालची द्रव्यं तशीच राहतात आणि धुताना निघून जातात. निळ्या कागदावर पांढरं पान उरतं. वास्तुरचनाकारांच्या ‘ब्लूप्रिंट’चा निळा तो हाच.

ही पद्धत १८४२ मध्ये खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी शोधली. त्यांच्या स्नेह्यांची मुलगी ॲना ॲटकिन्स वनस्पतींची अभ्यासक होती. समुद्रशैवालाचे बारीक तंतू हातानं चितारणं अवघड, म्हणून तिनं शैवालच थेट कागदावर ठेवून ठसे घेतले आणि १८४३ पासून ते पुस्तकरूपानं काढायला सुरुवात केली. छायाचित्रांनी सजलेलं पहिलं पुस्तक म्हणून ते ओळखलं जातं. हे १८४३ साल लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

आता आमची फजिती. पहिल्या दिवशी आम्ही हातकागद घेतला, दहा मिनिटं ऊन दिलं आणि गच्चीवरच्या नळाखाली कागद धुतला. निळा रंग आला, आणि बघता बघता फिकट होऊन गेला. दुसऱ्या दिवशी आम्ही जाड, महागातला चित्रकलेचा कागद आणला, वीस मिनिटं ऊन दिलं आणि खाली स्वयंपाकघरात फिल्टरच्या पाण्यानं धुतला. गडद, सुंदर निळा! आम्ही निष्कर्ष काढला की कागद चांगला हवा, आणि तसले वीस कागद घेऊन आलो. तिसऱ्या दिवशी पुन्हा गच्चीवर धुतले, पुन्हा फिकट.

कागद, वेळ आणि पाणी अशा तीन गोष्टी आम्ही एकदम बदलल्या होत्या, आणि श्रेय दिलं ते जिच्यावर पैसे खर्च झाले तिला! मग एकच छाप घेतला, कात्रीनं मधोमध कापला. अर्धा नळाखाली, अर्धा फिल्टरच्या पाण्यात. पाच मिनिटांत उत्तर समोर होतं. गच्चीवरच्या नळाला बोअरचं पाणी येतं, ते क्षारधर्मी आहे, आणि प्रशियन ब्लूला क्षार सोसत नाहीत. त्याच पाण्यात थोडं व्हिनेगर घातलं, तर रंग टिकला. जुना हातकागदही निर्दोष सुटला.

मंडळी, खरी लाज पुढेच आहे. जॉन स्टुअर्ट मिल यांचा तर्कशास्त्रावरचा ग्रंथ १८४३ मध्येच प्रसिद्ध झाला. त्यात व्यतिरेक पद्धती सांगितली आहे. दोन प्रसंग एक गोष्ट सोडून सगळ्या बाबतींत सारखे असावेत. मग परिणामात जो फरक पडेल, त्याचं कारण त्या एका गोष्टीत शोधावं. ही पद्धत आम्ही वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून दिली, तिच्यावर प्रश्न काढले, उत्तरं चुकली म्हणून मुलांचे गुण कापले. आणि सत्तरी ओलांडल्यावर गच्चीवर स्वतः नापास झालो. नियम माहीत असणं आणि हातात असणं यांत किती अंतर असतं, हे आम्हाला त्या अर्ध्या कागदानं शिकवलं.

तुमच्यापैकी बरेच जण कॅमेऱ्यावर काम करता. तिथे ही अट पाळणं आणखी कठीण. समजा, नळाची धार सेकंदाच्या ५००व्या भागात टिपली आणि आता ३०व्या भागात टिपून पाहायची आहे. ऑटोवर ठेवलंत तर कॅमेरा तुम्हाला न विचारता बाकीचं बदलणार. मॅन्युअलवर फक्त शटर बदललंत, तर प्रकाश सुमारे सोळापट होणार, फोटो पांढरा पडणार. तो सावरायला अपर्चर एफ-४ वरून एफ-१६ केलंत, तर मागची भिंतही स्पष्ट दिसायला लागेल, आणि चित्र बदललं ते धारेमुळे की भिंतीमुळे, हे कळणार नाही. त्याऐवजी आयएसओ १६०० वरून १०० वर आणा. मग बदल होईल तो मुख्यतः दाणेदारपणात. दुसरी गोष्ट बदलावी लागतेच, पण ती कोणती, हे आपण ठरवायचं.

एका श्रोत्यानं मागे विचारलं होतं, ‘सर, छंदातही एवढा हिशेब ठेवायचा, तर गंमत कुठे राहिली?’ प्रश्न रास्त आहे. पण एक अनुभव सांगतो. एकदा काच ठेवायला विसरलो, वाऱ्यानं पिंपळपानाची एक कड उचलली गेली. छापात ती कड धुक्यात विरल्यासारखी आली. ठरवून केलेल्या कुठल्याही छापापेक्षा तो सुंदर होता. वहीत ‘काच नाही, वारा’ एवढे तीन शब्द लिहिलेले होते, म्हणून कारण सापडलं. पुढच्या वेळी पानाच्या कडेखाली पेन्सिलीचा तुकडा ठेवला आणि तेच धुकं हवं तिथे आणलं. नोंद नसती, तर त्या छापाचं आम्ही फक्त कौतुक करत बसलो असतो.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा. एक तंत्र निवडा. काय होईल असं वाटतं ते आधी एका ओळीत लिहा. एकच गोष्ट बदला. आणि फसलेला फोटो लगेच पुसू नका, कागद फाडू नका. त्याच्या मागे तारीख आणि कारण लिहा. आमचे ते फिकट कागद अजून फाइलमध्ये आहेत. त्यातलेच अर्ध्यात कापलेले दोन तुकडे आज सोबत आणलेत. प्रश्नोत्तरं सुरू होईपर्यंत ते रांगेतून फिरू द्या, फक्त ओल्या हातानं धरू नका.