घर कोणाचे, कागद कोणाचा?

घरातील कर्ता पुरुष जातो. दहावे, बारावे, तेरावे उरकते. आलेले सोयरे आपापल्या गावी परततात, आणि मग एका दुपारी कपाटातील लोखंडी पेटी उघडली जाते. पेटीत खरेदीखत असते, घरपट्टीच्या वीस-पंचवीस वर्षांच्या पावत्या सुतळीने बांधलेल्या असतात, कर्ज फिटल्याचा दाखला असतो. घर बांधणाऱ्याने एकेक कागद जन्मभर जपलेला असतो. परंतु आपल्यामागे हे घर कोणाचे, या एका प्रश्नाचे उत्तर त्या पेटीत बहुधा नसते. मग ते उत्तर जो तो आपापल्या समजुतीप्रमाणे देऊ लागतो. थोरला म्हणतो, "घरपट्टी दहा वर्षे मी भरतो आहे." धाकटा म्हणतो, "वरचा मजला मी चढवला." बहिणीला कोणी विचारीत नाही, आणि जिने त्या घरात चाळीस वर्षे संसार केला, ती आई कोपऱ्यात बसून ऐकत असते.

अशा वेळी जी भांडणे होतात, त्यांच्या मुळाशी लोभ असतोच असे नाही. पुष्कळदा केवळ अज्ञान असते. घराविषयी तीन गैरसमज आपल्या समाजात फार रुजलेले आहेत.

पहिला गैरसमज नोंदीचा. नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या दप्तरी ज्याचे नाव, तो मालक, असे समजले जाते. वास्तविक ती नोंद कर कोणाकडून वसूल करावयाचा हे ठरविण्यापुरती असते. नोंदीने मालकी निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही. मालकी येते ती नोंदलेल्या खरेदीखताने, बक्षीसपत्राने, वाटणीपत्राने, मृत्युपत्राने अथवा वारसाहक्काने.

दुसरा गैरसमज नामनिर्देशनाचा. गृहनिर्माण संस्थेच्या किंवा बँकेच्या अर्जात मुलाचे नाव लिहिले, म्हणजे सदनिका व ठेव त्याचीच झाली, असे वडिलांना वाटते आणि मुलालाही वाटते. परंतु असा नामनिर्देशित मनुष्य सामान्यतः विश्वस्तासारखा असतो. संस्थेने किंवा बँकेने व्यवहार कोणाशी करावा, एवढेच त्या नावाने ठरते. हाती आलेली वस्तू खऱ्या वारसांना ज्याच्या त्याच्या हिश्श्याप्रमाणे पोचविणे हे त्याचे कर्तव्य असते.

तिसरा गैरसमज मुलींचा. लग्नात दागिने दिले, आहेर केला, तेव्हा तिचा हक्क फिटला, असे म्हणण्याची रीत आहे. कायदा ही रीत मानीत नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा १७ जून १९५६ पासून अमलात आला, आणि मृत्युपत्र न करता वारलेल्या पित्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा त्या दिवसापासूनच आहे. त्या कायद्यात एक उणीव होती; भाऊ आपापसांत वाटणी करीपर्यंत राहत्या घराची वाटणी मुलीला मागता येत नसे. ते कलम २००५ च्या दुरुस्तीने काढून टाकले. त्याच दुरुस्तीने, ९ सप्टेंबर २००५ पासून, एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीतही मुलगी जन्मतः मुलाप्रमाणे सहहिस्सेदार झाली. त्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्यांना मात्र त्यामुळे बाध येत नाही.

हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांना लागू आहे. मुसलमान व ख्रिस्ती कुटुंबांचे वारसाहक्काचे नियम वेगळे आहेत. गोव्याची गोष्ट मात्र सर्वांहून निराळी. तेथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेवर आधारलेला कौटुंबिक कायदा धर्मभेद न करता सर्वांना लागतो. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तरी तो चालू राहिला, आणि वारसाहक्काचा भाग पुढे गोवा विधानसभेने २०१२ मध्ये केलेल्या कायद्यात नव्याने मांडला गेला.

हा भेद कागदावरचा नाही. स्वयंपाकघरापर्यंत पोचणारा आहे. समजा, एका गृहस्थाने संसार चालू असताना आपल्या कमाईतून घर घेतले, खरेदीखतात एकट्याचे नाव घातले आणि मृत्युपत्र न करता तो वारला. मागे वृद्ध आई, पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी आहेत. कुटुंब हिंदू आणि बेळगावचे असेल, तर घराचे पाच समान हिस्से होतील: आई, पत्नी, दोन्ही मुलगे व मुलगी यांना प्रत्येकी एक पंचमांश. हाच हिशेब इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे व हैदराबाद येथे लागू पडेल. तेच कुटुंब मडगावचे असेल, आणि लग्नाच्या वेळी पतिपत्नींनी वेगळा करार केलेला नसेल, तर अर्धे घर पत्नीचे आधीपासूनच आहे. कारण तेथे विवाहाबरोबर मिळकत उभयतांची सामाईक होते. उरलेला अर्धा भाग तीन मुलांत वाटला जाऊन प्रत्येकास एक षष्ठांश मिळेल. संतती हयात असल्यामुळे आईला मात्र वाटा मिळणार नाही.

तेव्हा बेळगावच्या विधवेला एक पंचमांश आणि मडगावच्या विधवेला निम्मे. दोघींनीही संसार सारखाच केलेला. गोव्याचा मूळ रहिवासी अन्य प्रांतात घर घेईल, तर त्या घरालाही गोव्याचाच वारसा कायदा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. गोव्याबाहेरच्या गृहस्थाने यावरून घ्यावयाचा धडा सोपा आहे. पत्नीचा अर्धा वाटा जेथे कायदा आपण होऊन देत नाही, तेथे तो खरेदीच्या वेळीच देता येतो. खरेदीखत उभयतांच्या नावे करावे आणि त्यात प्रत्येकाचा हिस्सा किती ते स्पष्ट लिहावे.

घर पत्नीच्या एकटीच्या नावावर असले तरी विचार संपत नाही. हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता वारली, तर तिची मिळकत प्रथम मुलांकडे व पतीकडे जाते. दोघेही नसतील, तर स्वतः कमावलेले घर तिच्या आईवडिलांच्या आधी पतीच्या वारसांकडे जाते. निपुत्रिक विधवेने नोकरी करून घेतलेली दोन खोल्यांची जागा, तिच्यावर अवलंबून असलेल्या आईला न मिळता दिराला मिळू शकते. एका कागदाने हे टळते.

तो कागद म्हणजे मृत्युपत्र. त्याच्या नावातील अशुभामुळे लोक त्याला बिचकतात; परंतु विम्याचा हप्ता भरताना कोणी मरणाला आमंत्रण देत नाही, तसेच हे आहे. गोव्याबाहेर ते साध्या कागदावर चालते, त्याला मुद्रांक लागत नाही. करणारा सज्ञान व शुद्धीवर असावा. त्याने दोन साक्षीदारांसमक्ष सही करावी आणि साक्षीदारांनी त्याच्या समक्ष आपल्या सह्या कराव्यात. ज्याला मिळकत द्यावयाची त्याला साक्षीदार न करणे शहाणपणाचे. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे ती केल्यास पुढील शंका पुष्कळ कमी होतात. मृत्युपत्र हवे तेव्हा बदलता येते आणि शेवटचे तेच खरे ठरते. गोव्यात ते विशेष नोटरीच्या दप्तरी करण्याची रीत आहे. तेथे मुले असतील, तर स्वतःच्या भागापैकी निम्माच भाग इच्छेप्रमाणे देता येतो. बाकीचा निम्मा कायद्याने मुलांसाठी राखलेला असतो.

"मागून कटकट नको" म्हणून हयातीतच घर मुलाला बक्षीस देण्याचा मोह पुष्कळांना होतो. मृत्युपत्र मरणानंतर अमलात येते. बक्षीसपत्र नोंदले व स्वीकारले गेले की मालकी त्याच दिवशी जाते. वडील आपल्याच घरात पाहुणे होतात. देणेच असेल, तर आईवडिलांचा सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रातच लिहावी. ती मोडल्यास बक्षीसपत्र रद्द करून घेण्याचा मार्ग ज्येष्ठ नागरिकांसाठी केलेल्या २००७ च्या कायद्यात आहे.

हक्कसोडपत्राचेही तारतम्य हवे. वडिलांच्या स्वकष्टार्जित घरावर त्यांच्या हयातीत मुलामुलींचा हक्कच उत्पन्न झालेला नसतो. तेव्हा मुलीकडून आधीच सही घेऊन ठेवण्यात अर्थ नाही. वडिलांच्या पश्चात बहीण आपण होऊन हक्क सोडील तर तो तिचा मोठेपणा. पण तो कागद नोंदलेला असावा आणि सहीपूर्वी तिला वाचून दाखविलेला असावा. वारसांत अज्ञान मूल असेल, तर त्याच्या वाट्याची वास्तू न्यायालयाच्या परवानगीवाचून आईलाही विकता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

सारांश, पेटीत चार गोष्टी असाव्यात. पहिली, मूळ खरेदीखत व त्यामागील जुने दस्त. दुसरी, सरकारी दप्तराचा ताजा उतारा. त्याची नावे प्रांतोप्रांती वेगळी आहेत: बडोद्यास शेतजमिनीला सात-बारा, शहरात मिळकतपत्रिका, बेळगावास शेताची पहाणी, मध्य प्रदेशात खसरा, गोव्याच्या खेड्यांत फॉर्म एक व चौदा. तिसरी, कर्ज फिटल्याचा दाखला आणि मिळकतीवर बोजा नसल्याचे प्रमाणपत्र. चौथी, मृत्युपत्र. आणि या चारही गोष्टी काय आहेत व कोठे आहेत, हे घरातील बाईमाणसांना ठाऊक असावे.

एखाद्या रविवारी, सगळी मुले-मुली घरी आलेली असताना, घरच्या वडील माणसाने ती पेटी स्वतः उघडावी. सासरहून आलेल्या लेकीलाही जवळ बसवावे, पत्नीला समोर बसवावे आणि एकेक कागद सर्वांना दाखवावा. मनात काय आहे ते सांगावे, कोणाचे काही म्हणणे असल्यास ऐकून घ्यावे. त्या दिवशी थोडी कुरबूर होईलही; पण विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणारा मनुष्य तेव्हा समोर बसलेला असेल. तेराव्यानंतर उघडलेल्या पेटीपाशी तो नसतो.