प्रवासी ट्रेलरच्या चाकांचे धारवे

प्रवासी ट्रेलरच्या चाकांचे धारवे : मोटारगाडीच्या मागे जोडून ओढून नेता येणाऱ्या व आत निवासाची सोय असलेल्या वाहनाला प्रवासी ट्रेलर म्हणतात, ब्रिटनमध्ये त्यालाच कॅराव्हॅन हे नाव रूढ आहे. या वाहनाचा आस स्थिर असतो व चाके त्याच्या दोन्ही टोकांभोवती फिरतात. आसाचे टोक आणि चाकाचा तुंबा यांच्यामध्ये बसविलेला, वाहनाचा भार पेलूनही चाक सहज फिरू देणारा भाग म्हणजे चाकाचा धारवा होय. नित्याच्या व्यवहारात त्याला बेअरिंग असे म्हणतात.

मोटारगाडीच्या चाकाचा धारवा बिघडू लागला की, गुणगुण व थरथर या रूपाने त्याची सूचना चालकाला मिळते. ट्रेलरमध्ये चालक बसत नाही. त्यामुळे ही सूचना ऐकणारे कोणी नसते. ट्रेलरला बहुधा अंतरमापकही नसतो. म्हणून बिघाड पुष्कळदा धूर निघणे, तुंबा अडकून बसणे किंवा चाक निखळणे या अखेरच्या अवस्थेतच उघडकीस येतो. वेगात निखळलेले चाक इतर वाहनांवर वा पादचाऱ्यांवर आदळून प्राणहानी होऊ शकते. धारव्यांची नियमित देखभाल आवश्यक ठरते ती या कारणाने, आणि ट्रेलर नवा आहे एवढ्यावरून तिच्यातून सूट मिळत नाही.

इतिहास : गाडीच्या आसाला वंगण देण्याची प्रथा फार जुनी आहे. महाराष्ट्रातही बैलगाडीच्या आखाला वंगण घालूनच गाडी जुंपण्याची रीत होती. वेल्समधील कारमार्दन येथील फिलिप व्हॉन यांनी गाडीच्या आसासाठी गोळ्यांच्या धारव्याचे एकस्व (पेटंट) १७९४ मध्ये मिळविले. हौसेच्या प्रवासासाठी मुद्दाम बांधलेल्या आरंभीच्या कॅराव्हॅनांपैकी ‘द वाँडरर’ ही विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांच्यासाठी १८८५ मध्ये ब्रिस्टल येथे बांधण्यात आली. ती घोडे ओढीत असत. अमेरिकेतील सेंट लूइस येथील घोडागाड्यांचे कारखानदार हेन्री टिमकेन यांना निमुळत्या रुळांच्या धारव्याचे एकस्व १८९८ मध्ये मिळाले. आजही उत्तर अमेरिकेतील बहुसंख्य प्रवासी ट्रेलरांच्या तुंब्यांत याच जातीचे धारवे असतात.

रचना : निमुळत्या रुळांच्या धारव्याचे चार भाग असतात : आसावर बसणारे आतील कडे, निमुळते रूळ, त्यांना समान अंतरावर ठेवणारा पिंजरा आणि तुंब्यात घट्ट ठोकून बसविलेले बाहेरचे कडे. पहिले तीन भाग एकत्र जोडलेले असतात, तर बाहेरचे कडे सुटे असते. रूळ तिरपे असल्यामुळे हा धारवा वाहनाच्या वजनाचा उभा भार व वळणावर येणारा आडवा रेटा असे दोन्ही पेलू शकतो. मात्र एक धारवा एकाच दिशेचा आडवा रेटा सहन करतो. म्हणून प्रत्येक तुंब्यात दोन धारवे परस्परविरुद्ध दिशांना तोंड करून बसवितात. त्यांपैकी आतील बाजूचा धारवा मोठा व बाहेरील बाजूचा लहान असतो. ३,५०० पौंड (सुमारे १,५९० किग्रॅ.) भारक्षमतेच्या प्रचलित आसावर आतील धारव्याचे भोक सुमारे ३५ मिमी., तर बाहेरच्या धारव्याचे सुमारे २७ मिमी. व्यासाचे असते.

तुंब्याच्या मागील तोंडाशी रबरी ओठ असलेले सील असते. ते ग्रीजला आत व पाण्याला बाहेर ठेवते. पुढील तोंडावर धातूची टोपी असते. तिच्या आत आसाच्या आट्यांवर खाचा असलेला नट, त्यामागे वॉशर आणि नट फिरू नये म्हणून त्यातून आरपार घातलेली दुभंगी खीळ म्हणजे कॉटर पिन अशी मांडणी असते. विद्युत ब्रेकचे ढोल व तुंबा हे बहुधा एकाच ओतीव भागाचे असतात. त्यामुळे सील फाटल्यास ग्रीज थेट ब्रेकच्या अस्तरावर जाते आणि धारव्याच्या दोषातून ब्रेकचा दोष उद्भवतो.

भार व आयुष्य : स्वीडिश शास्त्रज्ञ लुंडबेर्य व पाल्मग्रेन यांनी १९४७ मध्ये मांडलेल्या सिद्धांतावर आधारलेल्या नियमानुसार रुळांच्या धारव्याचे आयुष्य भाराच्या १०/३ या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. भार दुप्पट केल्यास आयुष्य सुमारे एक दशांश उरते. भार केवळ २० टक्क्यांनी वाढविला, तरी ते सुमारे ५४ टक्क्यांवर येते. ट्रेलरमध्ये पाण्याच्या टाक्या भरताना व सामान रचताना हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. तथापि हे गणित स्वच्छ व पुरेशा वंगणाच्या धारव्याला लागू पडते. प्रत्यक्षात ट्रेलरचे धारवे थकव्याने निकामी होण्यापूर्वीच पाणी, धूळ, अपुरे ग्रीज किंवा चुकीची आवळणी यांमुळे निकामी होतात. म्हणजेच त्यांचे आयुष्य बहुतांशी मालकाच्या हाती असते.

नव्या ट्रेलरची काळजी : अमेरिकेतील प्रवासी ट्रेलरांच्या उत्पादनाचे मुख्य केंद्र इंडियाना राज्यातील एल्कहार्ट हे असून तेथून अनेक ट्रेलर विक्रेत्यांकडे स्वतःच्या चाकांवरच ओढून नेले जातात. विक्रेता दूरच्या राज्यातील असल्यास ‘नवा’ ट्रेलर पहिल्या मालकाच्या हाती येण्यापूर्वीच हजारो किमी. चाललेला असू शकतो. त्यानंतर तो विक्रेत्याच्या आवारात कित्येक महिने उघड्यावर उभाही राहिलेला असतो. म्हणून देखभालीचा काळ खरेदीच्या तारखेपासून न मोजता उत्पादनाच्या तारखेपासून मोजणे श्रेयस्कर असते. उत्पादनाची तारीख वाहनावरील पट्टीवर दिलेली असते.

नवा ट्रेलर ताब्यात घेताना प्रत्येक चाक जॅकवर उचलून हाताने फिरवून पाहावे. ते खरखर न करता फिरले पाहिजे. टायर वरून व खालून धरून हलविल्यास ठळक खुळखुळ जाणवता कामा नये. ब्रेकच्या मागील पट्टीवर वा टायरच्या आतील बाजूस ग्रीजचे ओघळ असल्यास सील सदोष आहे असे समजावे. शक्य असल्यास निदान एक तुंबा उघडून त्यातील ग्रीजचे प्रमाण पाहावे व तो सदोष आढळल्यास सर्व तुंबे उघडावेत. हमीच्या मुदतीत हे काम विक्रेत्याकडून करवून घेऊन त्याची लेखी नोंद ठेवणे हिताचे ठरते.

चाकाचे नट हा धारव्याचा भाग नव्हे; परंतु नव्या चाकाच्या बैठकीवरील रंग दबल्यामुळे ते सैल होतात आणि त्याचाही परिणाम चाक निखळण्यातच होतो. अर्ध्या इंची खिळ्यांचे नट सामान्यतः १२२ ते १६३ न्यूटन-मीटर परिबलाने आवळतात. पहिल्या प्रवासात सुमारे १६, ४० व ८० किमी. अंतरांवर थांबून टॉर्क पान्याने त्यांची आवळणी पुन्हा तपासावी. चाक काढून परत बसविल्यावर प्रत्येक वेळी हेच करावे लागते. नवी ब्रेक-अस्तरे बसून झिजत असल्याने पहिल्या ३२० किमी.च्या सुमारास ब्रेकचेही समायोजन करतात.

वार्षिक देखभाल : आसांचे उत्पादक सामान्यतः दर १२ महिन्यांनी किंवा १२,००० मैलांनी (सुमारे १९,३०० किमी.), यांपैकी जे आधी येईल तेव्हा, धारवे उघडून तपासण्याची शिफारस करतात. सुमारे ६९ सेंमी. व्यासाचे चाक एवढ्या अंतरात सुमारे ८९ लाख फेरे घेते. कमी वापराच्या ट्रेलरला महिन्यांची मर्यादा आधी लागू होते. उभ्या ट्रेलरमध्ये ओलावा साचतो व ग्रीजमधील तेल हळूहळू वेगळे होते; त्यामुळे न चाललेल्या ट्रेलरचे धारवेही खराब होतात.

काम सुरू करण्यापूर्वी ट्रेलर सपाट जागी, ओढणाऱ्या गाडीला जोडलेलाच ठेवून दुसऱ्या बाजूच्या चाकांना अडणी लावतात. जॅक उत्पादकाने सांगितलेल्या जागीच लावावा व वाहन ठोकळ्यांवर टेकवावे. केवळ जॅकच्या आधारावरील वाहनाखाली हात घालू नये. टोपी, खीळ, नट व वॉशर काढून तुंबा ओढून घेतात. धारवे रॉकेलसारख्या द्रावकाने धुऊन पूर्ण कोरडे करतात. दाबाच्या हवेने धारवा गरगर फिरवून वाळवू नये. रूळ सुटून इजा होण्याचा संभव असतो. प्रत्येक धारवा ज्या कड्यात चालत होता त्याच कड्यात परत बसवितात. म्हणून सुटे भाग चाकनिहाय वेगळे ठेवतात.

रूळ व कडी स्वच्छ आणि एकसारखी चकचकीत असल्यास धारवा पुन्हा वापरता येतो. पृष्ठभागाचे कपचे निघणे हे थकव्याचे, निळसर वा तपकिरी झाक हे अतितापाचे, तर रुळांच्या अंतरावर उमटलेले गंजाचे पट्टे हे उभ्या वाहनात पाणी शिरल्याचे लक्षण असते. यांपैकी काहीही आढळल्यास धारवा व त्याचे बाहेरचे कडे ही दोन्ही एकदमच बदलतात. जुन्या कड्यात नवा धारवा घालणे ही खोटी काटकसर ठरते. काढलेले सील परत न वापरता नवे बसवितात.

ग्रीज भरताना तळहातावर ग्रीजचा गोळा घेऊन धारव्याची रुंद कड त्यावर दाबीत राहतात. पिंजऱ्याच्या दुसऱ्या बाजूने ग्रीज बाहेर येईपर्यंत धारवा फिरवीत सर्व रुळांमध्ये ते भरतात. केवळ वरून लेप दिल्याने रुळांच्या आतील बाजूस वंगण पोहोचत नाही.

आवळणी : या कामातील सर्वांत नाजूक टप्पा हाच होय. तुंबा हाताने फिरवीत नट सुमारे ६८ न्यूटन-मीटर परिबलाने आवळतात, म्हणजे रूळ आपल्या जागी बसतात. नंतर तुंबा न फिरवता नट सैल करून तो केवळ बोटांनी पुन्हा टेकवितात. खीळ जात असल्यास ती घालतात. भोक जुळत नसल्यास नट पुढे न आवळता पुढील खाच जुळेपर्यंत मागे घेतात. या रीतीने तुंब्याला आसाच्या दिशेने सुमारे ०·०२५ ते ०·२५ मिमी. एवढी मोकळीक राहते. नट पान्याने आवळून तसाच ठेवल्यास रुळांवर कायमचा दाब येऊन ते तापतात, ग्रीज पातळ होऊन निघून जाते व धारवा अल्पावधीत जळतो. फार सैल ठेवल्यास चाक डुलते व सीलचा ओठ झिजतो.

ग्रीज : चाकांच्या धारव्यांसाठी लिथियम कॉम्प्लेक्स जातीचे, एनएलजीआय क्रमांक २ चे ग्रीज सर्वसाधारणपणे वापरतात. हे क्रमांक १९३३ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतील नॅशनल लुब्रिकेटिंग ग्रीज इन्स्टिट्यूट या संस्थेच्या नावाने ओळखले जातात. क्रमांक २ च्या घोटलेल्या ग्रीजमध्ये २५° से. तापमानाला प्रमाणित शंकू २६·५ ते २९·५ मिमी. खोल रुततो. लिथियम व पॉलियुरिया यांसारख्या भिन्न घट्टकांची ग्रीजे एकत्र मिसळल्यास मिश्रण पातळ होऊन वाहून जाण्याचा संभव असतो. नव्या ट्रेलरमधील ग्रीजची जात माहीत नसल्यास जुने ग्रीज संपूर्ण धुऊन काढणे हाच सुरक्षित मार्ग होय.

काही आसांच्या टोकाला ग्रीज निपल असतो. त्यातून घातलेले ग्रीज आसातील भोकातून प्रथम आतील धारव्यामागे जाते व दोन्ही धारव्यांतून पुढे येते. हे करताना चाक सतत फिरविणे व ग्रीज गन सावकाश दाबणे आवश्यक असते. अन्यथा सील उलटून ग्रीज ब्रेकमध्ये शिरते. या सोयीने ग्रीज बदलता येते, परंतु धारवा डोळ्यांनी पाहता येत नाही. म्हणून वार्षिक तपासणीला ती पर्याय ठरत नाही.

मोहोरबंद धारवे : यूरोपातील बहुतेक आधुनिक कॅराव्हॅनांत व काही अमेरिकन आसांवर कारखान्यातच ग्रीज भरून कायमचे बंद केलेले धारवे असतात. त्यांत ग्रीज भरावे लागत नाही व वर सांगितलेली सैल आवळणीही त्यांना लागू होत नाही. त्यांचा नट फार मोठ्या परिबलाने आवळतात. काही यूरोपीय आसांवर ते सुमारे २९० न्यूटन-मीटर असून तेथे नट एकदा काढल्यावर नवाच वापरावा लागतो. यांची तपासणी चाक फिरवून आवाज व खुळखुळ पाहण्यापुरती असते आणि दोष आढळल्यास संपूर्ण धारवा बदलतात. आपल्या ट्रेलरला कोणत्या जातीचे धारवे आहेत हे माहितीपुस्तिकेतून निश्चित केल्याशिवाय नटाला पाना लावू नये.

प्रवासातील तपासणी : वाटेत थांबताच सर्व तुंब्यांची उष्णता पाहण्याची सवय उपयुक्त असते. ब्रेकमुळे तुंबे कोमट होणे स्वाभाविक आहे. परंतु एकच तुंबा इतरांपेक्षा स्पष्टपणे अधिक तापलेला आढळल्यास त्याचा धारवा किंवा ब्रेक सदोष आहे असे समजून पुढे जाऊ नये. बिघडलेला तुंबा हात भाजण्याइतका तापलेला असू शकतो, म्हणून प्रथम हात जवळ नेऊन धग पाहावी किंवा अवरक्त तापमापक वापरावा. दूरच्या प्रवासात धारव्यांचा एक संच, सील, कॉटर पिना व ग्रीज बरोबर ठेवतात. प्रत्येक तपासणीची तारीख, अंदाजे अंतर, ग्रीजची जात व बदललेले भाग यांची नोंद वहीत केल्यास अंतरमापक नसलेल्या या वाहनाच्या देखभालीचा हिशेब राहतो.