आठ अंशांचा फरक

गोव्यातील ख्रिस्ती घरांत काय किंवा वसई-वांद्र्याच्या ईस्ट इंडियन घरांत काय, पोर्क म्हटले की डोळ्यांपुढे येते ते विंदालू आणि सोरपोतेल. चरबीचे थर असलेले मांस, व्हिनेगर, लाल मिरच्या आणि मंद आचेवर निवांतपणे घालवलेला वेळ, असा या पदार्थांचा सारा थाट असतो. दुसऱ्या दिवशी ते अधिक चवदार लागतात आणि तिसऱ्या दिवशी त्याहूनही. कूर्गच्या पंदी करीचीही तीच तऱ्हा. मांस जितके शिजेल तितके चांगले, हा या पदार्थांचा धर्म आहे.

हाच धर्म पाळून जेव्हा एखादी मराठी गृहिणी, किंवा अमेरिकेत नुकताच संसार थाटलेला एखादा तरुण, टेंडरलॉइन नावाचा तुकडा ओव्हनमध्ये ठेवतो, तेव्हा फसगत ठरलेली असते. तासाभराने बाहेर येते ते राखाडी रंगाचे, चोथ्यासारखे, घशाखाली उतरवण्यासाठी पाण्याचा घोट लागावा असे काहीतरी. दोष ओव्हनला दिला जातो, कधी खाटकाला, कधी मसाल्याला. प्रत्यक्षात चुकलेले असते ते एकच : मांस गरजेपेक्षा आठ-दहा अंश अधिक तापलेले असते.

टेंडरलॉइन म्हणजे प्राण्याच्या पाठीच्या कण्याच्या आतील बाजूने, कमरेजवळ असलेला लांबट स्नायू. एका डुकराला असे दोनच असतात. अमेरिकी बाजारात मिळणाऱ्या एका तुकड्याचे वजन साधारण चारशे ते सहाशे ग्रॅम भरते. आपल्याकडील लहान चणीच्या डुकरांचा तुकडा त्याहून लहान असतो. एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला शेपटीसारखा निमुळता, असा त्याचा आकार. चालण्या-धावण्याच्या कष्टांत या स्नायूचा वाटा अगदी थोडा असल्याने तो जात्याच मऊ असतो. त्यात चरबी जवळजवळ नसते आणि स्नायूंना बांधून ठेवणारे कोलॅजनही फार थोडे असते. (पोर्क लॉइन हा मात्र वेगळा, बराच मोठा भाग आहे. नावांच्या सारखेपणामुळे पुष्कळजण एकाची कृती दुसऱ्याला लावतात आणि पस्तावतात.)

विंदालूसाठी घेतलेल्या खांद्याच्या मांसात कोलॅजन भरपूर असते. दीर्घकाळ शिजवल्यावर त्याचे जिलेटिन होते, चरबी वितळते आणि या दोहोंमुळे ते मांस आतून कोरडे झाले तरी जिभेला ओलसर लागते. टेंडरलॉइनकडे ही शिदोरी नाही. त्याचा ओलावा म्हणजे केवळ त्याच्या पेशींतील पाणी. कच्च्या मांसाच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणीच असते, आणि ते प्रथिनांच्या जाळ्यात अडकलेले असते. मांस पन्नास अंश सेल्सिअसच्या आसपास तापले की मायोसिन हे प्रथिन गोठू लागते. मांस घट्ट होते, पण रसाळ राहते. साठ अंशांच्या पुढे तंतूंभोवतीची आवरणे आकसू लागतात आणि रस पिळून काढू लागतात. पासष्ट-सत्तरच्या पट्ट्यात ॲक्टिन हे दुसरे प्रथिन गोठते, आणि त्यानंतर पिळलेल्या फडक्यासारखी त्या तुकड्याची अवस्था होते. एकदा बाहेर पडलेले पाणी पुन्हा आत जात नाही, वरून कितीही रस्सा ओतला तरी.

मग जगभर पोर्क इतके कडक शिजवण्याची रीत पडली तरी का? तिच्यामागे एक भीती होती, आणि ती निराधार नव्हती. १८३५ साली लंडनमधील जेम्स पॅजेट नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याला शवविच्छेदन करताना माणसाच्या स्नायूंत सूक्ष्म कृमी आढळले. ट्रिकिनेला या नावाने ते पुढे ओळखले गेले. अर्धेकच्चे डुकराचे मांस हा त्यांचा माणसापर्यंत येण्याचा हमरस्ता. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत या रोगाचे शेकडो रुग्ण दरवर्षी नोंदले जात. तेव्हाच्या पाकपुस्तकांत आणि मांसाच्या तापमापकांवर पोर्कसाठी १८५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ८५ अंश सेल्सिअस, अशी खूण असे. ट्रिकिनेला वस्तुतः ५८ अंशांच्या सुमारासच मरतो. पण घरोघरच्या अंदाजपंचे स्वयंपाकाला मोठी सूट द्यावी लागते, हा विचार त्यामागे होता.

पुढे परिस्थिती पालटली. डुकरांना कच्चे खरकटे घालण्यावर अमेरिकेत निर्बंध आले, १९८० मध्ये त्यासाठी संघीय कायदा झाला, बंदिस्त पालन वाढले आणि रुग्णांची संख्या वर्षाला जेमतेम वीसच्या घरात आली. तरीही अमेरिकी कृषी खात्याची शिफारस १६० अंश फॅरनहाइट, म्हणजे ७१ सेल्सिअस, एवढीच राहिली होती. मे २०११ मध्ये ती खाली आणण्यात आली : अखंड तुकड्यांसाठी १४५ फॅरनहाइट, म्हणजे ६३ सेल्सिअस, आणि त्यानंतर किमान तीन मिनिटांचा विसावा. खिम्यासाठी मात्र ७१ अंशच कायम आहे, कारण दळताना पृष्ठभागावरचे जंतू आतपर्यंत मिसळतात. एकाहत्तर आणि त्रेसष्ट यांत अंतर आठच अंशांचे. पण ॲक्टिनचे गोठणे नेमके या आठ अंशांत होते.

इथे भारतातील वाचकाने थोडे थांबले पाहिजे. वरील शिफारस तपासणी झालेल्या, बंदिस्त पाळलेल्या डुकरांचे मांस गृहीत धरते. आपल्याकडे उकिरड्यावर आणि उघड्या शौचाच्या जागी चरणारी डुकरे अजून आहेत, आणि आपली खरी चिंता ट्रिकिनेलाची नसून पट्टकृमीची आहे. याच्या अळ्या मांसात साबुदाण्यासारख्या पांढरट फोडांच्या रूपाने असतात. असे मांस अर्धेकच्चे खाल्ले तर माणसाच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो. मेंदूत गाठी होऊन फिट्स येण्याचा जो गंभीर आजार आहे, तो मात्र थेट मांसातून होत नाही. पट्टकृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेतील अंडी हातांवाटे, पाण्यावाटे किंवा कच्च्या भाजीवाटे पोटात गेली की तो होतो. म्हणूनच जन्मभर शाकाहारी असलेल्यांनाही तो गाठतो. पट्टकृमीचा प्रादुर्भाव असलेल्या देशांतील अपस्माराच्या सुमारे तीस टक्के रुग्णांमागे हेच कारण असते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा ही भीती थट्टेवारी नेण्याजोगी नाही.

माझे मत स्पष्ट आहे. ज्या मांसाचा ठावठिकाणा ठाऊक नाही, ते या कृतीसाठी घेऊच नये. त्याचे विंदालू करावे आणि खुशाल दोन तास शिजवावे. त्रेसष्ट अंशांची चैन परवान्याच्या कत्तलखान्यातून आलेल्या, तपासणीचा शिक्का असलेल्या पाकीटबंद मांसापुरतीच. त्यातही मनात शंका असेल तर आणखी एक उपाय आहे. या अळ्या उणे पंधरा अंशांना तीन दिवसांत मरतात. घरच्या फ्रीझरचा भरवसा नसतो, म्हणून मी आठवडाभर ठेवतो. अर्थात गोठवण्याने अळ्या मरतात, जंतू नव्हेत. त्यामुळे नीट शिजवण्यातून सुटका नाही. गर्भवती स्त्रिया, लहान मुले आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णांसाठी सरळ ७१ अंशांपर्यंत जावे. खाली सांगितलेल्या मिठाच्या पाण्यामुळे तेही मांस खाण्याजोगे राहते.

आता प्रत्यक्ष कृती. तुकड्याच्या जाड भागावर चंदेरी, चिवट पापुद्रा असतो. तो कितीही शिजवला तरी विरघळत नाही, उलट आकसून तुकडा वाकडा करतो. धारदार सुरीचे टोक त्याखाली घालून, पापुद्रा ताणून धरत तो सोलून काढावा. मांस नळाखाली धुण्याचा आपला रिवाज इथे सोडावा. त्याने जंतू जात नाहीत, ओट्यावर उडतात मात्र.

त्यानंतर मीठ. एक लिटर थंड पाण्यात पन्नास ग्रॅम मीठ आणि दोन मोठे चमचे साखर विरघळवून त्यात तुकडा दीड ते दोन तास फ्रिजमध्ये बुडवून ठेवावा. मीठ आत शिरून प्रथिनांचे जाळे थोडे सैल करते, त्यामुळे तापल्यावर ते पूर्वीइतके आवळत नाही आणि पाणी धरून ठेवते. रात्रभर ठेवल्यास मात्र हॅमसारखा खारट, रबरी पोत येतो. अमेरिकेतील वाचकांसाठी एक सूचना : तिथल्या पुष्कळ पाकिटांतील मांसात कारखान्यातच खारे पाणी टोचलेले असते. वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचावीत, आणि तसे असेल तर ही पायरी गाळावी.

मुरवण्याबद्दल आपल्याकडे फार गैरसमज आहेत. मिठाखेरीज मसाल्यातले फारसे काही मांसाच्या पृष्ठभागाच्या आत काही मिलिमीटरपलीकडे जात नाही. दही किंवा व्हिनेगर रात्रभर लावून ठेवले तर आत चव उतरण्याऐवजी वरचा थर पिठूळ होतो. टेंडरलॉइन मुळातच मऊ असल्याने त्याला आंबटाने मऊ करण्याची गरजही नाही. म्हणून मसाला वरून, भाजण्याच्या थोडे आधी लावावा आणि तो ठळक असू द्यावा. मिरपूड, ठेचलेला लसूण आणि रोझमेरी हा युरोपीय प्रकार चांगलाच आहे. पण गोव्याचा रेशाद मसाला किंवा ईस्ट इंडियन घरांतील बॉटल मसाला थोड्या तेलात कालवून लावला, तर या जरा सौम्य, किंचित गोडसर मांसाला जी धार येते ती मला तरी अधिक आवडते. मसाला लावण्याआधी तुकडा कागदी रुमालाने अगदी कोरडा टिपावा. ओल्या पृष्ठभागाची उष्णता वाफ करण्यातच खर्च होते आणि रंग येत नाही.

जाड बुडाच्या कढईत चमचाभर तेल चांगले तापवून तुकडा सर्व बाजूंनी मिळून पाच-सहा मिनिटे परतावा. असे परतल्याने 'रस आत बंद होतो' ही समजूत एकोणिसाव्या शतकातील जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांच्या लिखाणातून रुजली आणि अजून पाकपुस्तकांतून फिरते आहे. ती खरी नाही. परतलेल्या मांसातूनही रस गळतोच. परतायचे ते चवीसाठी. पृष्ठभाग सुमारे १४० अंशांच्या वर गेला की प्रथिने आणि शर्करा यांच्यात ती प्रक्रिया वेगाने घडते, जिचे वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामी मायार यांनी १९१२ मध्ये केले. भाकरीच्या पापुद्र्याचा आणि भाजलेल्या शेंगदाण्याचा खमंगपणा तिचाच. मसाला लावलेला असेल तर आच थोडी बेताची ठेवावी, मिरची करपून कडू होते.

ओव्हन २०० अंशांवर आधीच पूर्ण तापलेला हवा. आपल्या छोट्या ओटीजीला त्यासाठी पंधरा मिनिटे तरी लागतात आणि त्याच्या बटणावरचा आकडा व आतले खरे तापमान यांत बरेचदा वीस-पंचवीस अंशांचा फरक असतो. तुकड्याचे निमुळते टोक खाली दुमडून दोऱ्याने बांधावे, म्हणजे जाडी सारखी होते. जाळीच्या रॅकवर, मधल्या खणात ठेवावा. वरच्या दांडीच्या फार जवळ गेल्यास मसाला जळतो आणि आत कच्चे राहते. पाचशे ग्रॅमच्या तुकड्याला साधारण पंधरा ते वीस मिनिटे लागतात. पण मिनिटांवर विसंबू नये. तुकड्याची जाडी, तो फ्रिजमधून केव्हा काढला, ओव्हनचा स्वभाव, या सगळ्यांनी वेळ बदलते. सुईसारखे टोक असलेला मांसाचा तापमापक आता काही शे रुपयांत मिळतो. माझ्या मते मसाल्यांचा नवा डबा घेण्याआधी तो घ्यावा. बाराव्या मिनिटाला त्याची सुई जाड टोकाकडून लांबीच्या दिशेने नेमकी मधोमध खुपसावी. साठ-एकसष्ट अंश दिसले की तुकडा बाहेर काढावा.

साठच का, त्रेसष्ट का नाही? कारण बाहेरचा थर आतल्यापेक्षा कितीतरी तापलेला असतो आणि ओव्हनबाहेर आल्यावरही ती उष्णता आत सरकत राहते. फॉइलने सैलसर झाकून आठ-दहा मिनिटे ठेवले की मधले तापमान तीन ते पाच अंशांनी आपोआप चढते. या काळात सुई खुपसूनच ठेवावी आणि आकडा त्रेसष्ट ओलांडतो याची खात्री करावी. न ओलांडल्यास तुकडा पाच मिनिटे पुन्हा आत. या विसाव्यात तंतूंमधला रस किंचित दाटही होतो, त्यामुळे कापताना ताटात थारोळे साचत नाही.

कापल्यावर आत फिकट गुलाबी रंग दिसेल. पहिल्यांदा पाहणाऱ्याचा हात थबकतो, पण हा रंग रक्ताचा नाही, स्नायूंतील मायोग्लोबिनचा आहे. रंगावरून शिजल्याचा निर्वाळा देता येत नाही, गुलाबी मांस पुरते शिजलेले असू शकते आणि राखाडी मांस कच्चे. निर्णय सुईचाच मानावा. घरातील वडीलधाऱ्यांना तो गुलाबीपणा रुचणार नसेल, तर त्यांच्यासाठी निमुळत्या टोकाकडचे काप काढावेत, ते नेहमीच थोडे अधिक शिजलेले असतात.

काप तंतूंच्या आडवे, बोटभर जाडीचे करावेत. परतलेल्या कढईत चिकटलेला खमंग अर्क टाकून देऊ नये. त्यात दोन चमचे व्हिनेगर, लिंबाएवढा गूळ आणि अर्धी वाटी पाणी घालून उकळावे, आटत आले की लोण्याचा गोळा आणि तुकड्याखाली साचलेला रस घालावा. कापांवर हेच ओतायचे. उरलेले काप दुसऱ्या दिवशी गरम करायला जाऊ नये, मायक्रोवेव्हमध्ये एक मिनिट गेले की ते थेट सत्तरच्या पुढे पोहोचतात. फ्रिजमधून काढून पातळ चिरावेत आणि मोहरीच्या चटणीबरोबर पावात घालून थंडच खावेत.