शिक्षक-प्रशिक्षण व संपर्क-तंत्रविद्या

शिक्षकाच्या सेवापूर्व आणि सेवांतर्गत शिक्षणात नभोवाणी, दूरचित्रवाणी, संगणक, भ्रमणध्वनी व आंतरजाल या साधनांचा केलेला उपयोग. यात दोन भिन्न गोष्टी अंतर्भूत होतात : एक, वर्गातील अध्यापनासाठी साधने हाताळण्याचे कौशल्य आणि दुसरी, त्याच साधनांच्या द्वारे अन्य शिक्षकांशी व तज्ञांशी विचारविनिमय करण्याची सोय. प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमांत पहिल्या गोष्टीस पुष्कळ स्थान मिळाले आहे. दुसरी मात्र बहुधा छात्राध्यापकाच्या स्वतःच्या उपक्रमशीलतेवर सोपविलेली दिसते. विरळ वस्तीच्या डोंगराळ प्रदेशात, जेथे एका शाळेत एक किंवा दोनच शिक्षक असतात, तेथे या दुसऱ्या गोष्टीचेच महत्त्व अधिक आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुका हा अशा प्रदेशाचा नमुना म्हणून घेता येईल.

पूर्वपीठिका : अध्यापनास यंत्राची जोड देण्याचा विचार विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुढे आला. सिडनी प्रेसी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२६ मध्ये प्रश्न विचारून उत्तर तपासणाऱ्या एका यंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे १९५४ मध्ये बी. एफ्. स्किनर याने क्रमान्वित अध्ययनाची उपपत्ती मांडली. ही यंत्रे विद्यार्थ्यांसाठी होती. शिक्षकाच्या प्रशिक्षणास अधिक उपयोगी पडलेली कल्पना सूक्ष्म अध्यापनाची होय. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६३ च्या सुमारास रूढ झालेल्या या पद्धतीत छात्राध्यापक एकच कौशल्य घेऊन काही मिनिटांचा पाठ देतो, त्याचे चित्रमुद्रण पाहून दोष शोधतो व तोच पाठ पुन्हा घेतो. भारतात चित्रमुद्रणाची साधने महाग असल्याने ती वगळून सहाध्यायांनाच विद्यार्थी व निरीक्षक मानणारी सुटसुटीत पद्धत स्वीकारण्यात आली. भ्रमणध्वनीतील कॅमेऱ्यामुळे ही अडचण आता उरलेली नाही. आपलाच पाठ पुन्हा पाहणे हा छात्राध्यापकाच्या हाती असलेला सर्वांत स्वस्त व बहुधा सर्वांत दुर्लक्षित उपयोग होय.

दूर अंतरावरून शिक्षकांना शिकविण्याचा भारतातील पहिला मोठा प्रयोग १९७५-७६ मध्ये उपग्रहीय दूरचित्रवाणीच्या द्वारे झाला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत अमेरिकन उपग्रहाद्वारे कार्यक्रम पोहोचविण्यात आले (महाराष्ट्राचा त्यांत समावेश नव्हता). त्याच वर्षी प्राथमिक शिक्षकांना विज्ञानाच्या अध्यापनाचे प्रशिक्षण देण्यासाठी दूरचित्रवाणी, नभोवाणी, छापील पुस्तिका व प्रत्यक्ष प्रयोग यांची सांगड घालण्यात आली आणि जवळजवळ ५०,००० शिक्षकांनी त्याचा लाभ घेतला. तथापि हा संपर्क एकमार्गी होता. पडद्यावरील तज्ञास प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. कर्नाटकात १९९६ मध्ये प्राथमिक शिक्षकांसाठी घेतलेल्या प्रयोगात चित्र एका दिशेने व ध्वनी दोन्ही दिशांनी जाण्याची व्यवस्था होती. शिक्षकाला दूरध्वनीवरून शंका विचारता येऊ लागली. केवळ शिक्षणासाठी वाहिलेला ‘एज्युसॅट’ हा उपग्रह २० सप्टेंबर २००४ रोजी अवकाशात सोडण्यात आला.

महाराष्ट्रात शैक्षणिक चित्रनिर्मितीसाठी १९८४ मध्ये पुण्यास ‘बालचित्रवाणी’ ही संस्था स्थापन झाली. दूरदर्शनवरील तिचे कार्यक्रम एका पिढीच्या स्मरणात आहेत. ती संस्था २०१७ मध्ये बंद करण्यात आली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार (१९८६) जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था निघाल्या. त्यांपैकी एक रत्नागिरी येथे आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी बी.एड्. अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला. त्यात दीर्घ आंतरवासितेबरोबरच माहिती-तंत्रविद्येचे चिकित्सक आकलन हा स्वतंत्र घटक समाविष्ट झाला. ‘चिकित्सक’ हा शब्द येथे महत्त्वाचा असला, तरी प्रत्यक्षात हा घटक अनेकदा सरकचित्रे तयार करण्याच्या तासापुरताच उरतो.

खेड परिसर : खेड हे जगबुडी नदीकाठचे गाव असून मुंबई-गोवा महामार्ग व कोकण रेल्वे यांवर आहे. तालुक्याचा पूर्व भाग सह्याद्रीच्या उतारावर असून रसाळगड, सुमारगड व महिपतगड हे किल्ले तेथे आहेत. गाव म्हणजे एकसंध वस्ती नव्हे, तर डोंगरउतारांवर विखुरलेल्या वाड्यांचा समूह, अशी येथील रचना असल्याने शाळाही वाडीगणिक विखुरलेल्या आहेत. वार्षिक पाऊस सरासरी ३,००० मिमी.हून अधिक पडतो. पावसाळ्यात वऱ्ह्या-पऱ्ह्यांना पाणी आले, की शेजारच्या वाडीशीही संबंध तुटतो. मुंबईकडील स्थलांतरामुळे पटसंख्या घटत गेली आहे. अशा शाळेत नेमणूक झालेल्या तरुण शिक्षकास एकाच वेळी अनेक इयत्ता सांभाळाव्या लागतात आणि आपला पाठ बरा झाला की वाईट, हे सांगणारा सहकारी त्याच्याजवळ नसतो. शाळांचे समूह करून १९९४ पासून नेमण्यात आलेले केंद्रप्रमुख व केंद्रस्तरीय शिक्षण परिषदा यांनी ही उणीव काही अंशी भरून काढली. पण महिन्यातून एकदा भरणारी परिषद मंगळवारी सकाळी उद्‌भवलेल्या अडचणीस उत्तर देऊ शकत नाही.

शिक्षणासाठी अंतर तोडण्याचा प्रश्न या परिसरास नवा नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा जन्म खेड तालुक्यातील शेरवली येथे १८ एप्रिल १८५८ रोजी झाला. परीक्षेसाठी ते १८७५ मध्ये दापोलीजवळील मुरूडहून सह्याद्री ओलांडून साताऱ्यापर्यंत पायी गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेस बसू देण्यात आले नाही. त्यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठात पुढे शैक्षणिक तंत्रविद्येचा स्वतंत्र विभाग निघाला, ही घटना या संदर्भात नोंदण्यासारखी आहे.

व्यावसायिक संपर्क : आंतरजालावरील शिक्षकांचे संपर्क स्थूलमानाने दोन प्रकारचे आहेत. पहिला शासकीय. ‘दीक्षा’ हे राष्ट्रीय व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाले. पाठ्यपुस्तकात छापलेले क्यूआर संकेतचिन्ह टिपले, की त्या पाठाशी संबंधित सामग्री तेथून मिळते. ‘निष्ठा’ हे शिक्षक-प्रशिक्षण २०२० मध्ये याच व्यासपीठावर आले. दुसरा प्रकार शिक्षकांनी आपण होऊन उभारलेल्या गटांचा. व्हॉट्सॲप व टेलिग्राम यांवरील विषयवार, तालुकावार गटांत पाठटाचणे, स्वाध्यायपत्रिका, ध्वनिफिती यांची देवाणघेवाण अखंड चालते. यांपैकी पहिला प्रकार साठा पुरवितो, दुसरा सोबत पुरवितो. छात्राध्यापकाने दोहोंचा परिचय आंतरवासितेच्या काळातच करून घेणे इष्ट ठरते. कारण प्रश्न कोणास व कसा विचारावा हेही शिकावेच लागते. ‘अपूर्णांकांसाठी काही साहित्य असल्यास पाठवावे’ या विनंतीस दहा फायली येतात. ‘तिसरी-चौथीचा वर्ग एकत्र बसतो, छेद मोठा तो अपूर्णांक मोठा असे मुले मानतात, काय करावे?’ या प्रश्नास अनुभवी शिक्षकाचे उत्तर येते.

साधनापेक्षा त्यामागील शैक्षणिक गरज आधी यावी, याचे ठळक उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी (ता. माढा) येथील जिल्हा परिषद शाळेचे आहे. तेथे २००९ मध्ये रुजू झालेले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना विद्यार्थ्यांची घरची भाषा कन्नड व पाठ्यपुस्तक वेगळ्या भाषेत, अशी अडचण आढळली. त्यांनी ती भाषा शिकून पाठांचे भाषांतर केले आणि ध्वनिमुद्रित कविता व चित्रफिती क्यूआर संकेतचिन्हांच्या द्वारे पुस्तकास जोडल्या. त्यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला व त्यातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांस वाटून दिली. वृत्तपत्रांनी संकेतचिन्हाचे कौतुक केले. मूळ काम भाषांतराचे होते.

खेडमध्येही भाषेचा प्रश्न आहेच. येथे मराठीप्रमाणे उर्दू माध्यमाच्याही शाळा आहेत. कोकणी मुसलमान, धनगर व कातकरी मुलांची घरची बोली पुस्तकी भाषेहून वेगळी असते. पुण्यामुंबईस तयार झालेल्या चित्रफितीत शेती म्हटली, की ज्वारी, ऊस व मोट दिसते; येथील मुलास भाजावळ, तरवा, लावणी व नाचणी परिचित. तयार सामग्री जशीच्या तशी न दाखविता तिच्यातील उदाहरणे बदलून घेणे, तिच्या जोडीस वाडीतील वृद्धांचे बोलणे ध्वनिमुद्रित करणे ही कामे छात्राध्यापक साध्या भ्रमणध्वनीवर करू शकतो. असे केलेले साहित्य गटात परत गेले, तरच देवाणघेवाण हा शब्द सार्थ होतो.

मर्यादा : मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे शाळा बंद झाल्या व आंतरजालावरील अध्यापन हाच मार्ग उरला. त्यापाठोपाठ ३ जून २०२० रोजी आलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने उत्तर रत्नागिरीत, विशेषतः दापोली व मंडणगड तालुक्यांत, विजेचे खांब कोसळून वीज व दूरसंचार दीर्घकाळ खंडित झाले. २२ जुलै २०२१ रोजी जगबुडी व वाशिष्ठी या नद्यांच्या महापुराने खेड व चिपळूण जलमय झाले. संपर्काची गरज सर्वाधिक असताना संपर्काचे साधन नाहीसे होते, हा अनुभव लागोपाठ दोन वर्षे आला. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर दाखविलेल्या पहिली ते आठवीच्या ‘टिलीमिली’ मालिकेचा लाभ आंतरजाल नसलेल्या घरांना झाला; मात्र तिलाही वीज लागत होतीच. म्हणून सामग्री आधीच उतरवून स्मृतिपत्रावर साठविणे, तिची छापील प्रत शाळेत ठेवणे व कामाची पाने घरोघर पोहोचविणे या जुन्या उपायांना या प्रदेशात पर्याय नाही.

गटांतून फिरणारी सामग्री तपासलेली नसते. सनावळीच्या चुका, कालबाह्य शासननिर्णय, कर्त्याचे नाव पुसून पुढे धाडलेली स्वाध्यायपत्रिका असे प्रकार नित्याचे आहेत. त्यामुळे पाठ्यपुस्तक व मूळ साधन यांच्याशी पडताळा घेण्याची सवय आवश्यक ठरते. मुलांची छायाचित्रे व नावे गटांवर सर्रास टाकली जातात, ही आणखी एक चिंतेची बाब. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक मानली आहे. उपक्रमाचा पुरावा म्हणून छायाचित्र मागण्याच्या प्रशासकीय प्रथेशी या तत्त्वाचा मेळ कसा घालावयाचा, हा प्रश्न पहिल्याच नेमणुकीत नवख्या शिक्षकापुढे उभा राहतो.