तीर्थक्षेत्रातील वैद्य आणि उन्मादाचा रुग्ण

स्वस्थ पुरुषाचे लक्षण सांगताना सुश्रुताचार्यांनी दोष, अग्नी, धातू व मलक्रिया यांच्या समतेबरोबरच आत्मा, इंद्रिये व मन यांची प्रसन्नता आवश्यक मानली आहे. तरीही शरीराच्या व्याधीसाठी दवाखान्याची पायरी चढणारा समाज मनाची व्याधी मात्र लपवितो. मुलाच्या मधुमेहाविषयी आईवडील चारचौघांत बोलतात. तोच मुलगा कानात आवाज ऐकू येतात असे सांगू लागला की घराची दारे लागतात. सोयरीक मोडेल, लोक काय म्हणतील, हीच चिंता औषधाच्या आड येते.

अक्कलकोट हे श्री स्वामी समर्थांचे क्षेत्र. येथे, आणि विशेषतः शेजारच्या कर्नाटकातील गाणगापुरास, भाविकांबरोबरच 'बाहेरची बाधा' झाली असे मानलेले रुग्णही आणले जातात. दर्शनाने व्याकूळ कुटुंबास धीर मिळतो. त्याविषयी आमचे काहीच म्हणणे नाही. म्हणणे आहे ते विलंबाविषयी. या पौर्णिमेपासून त्या पौर्णिमेपर्यंत थांबण्यात महिने, कधी वर्षे जातात. उपचारास जितका उशीर, तितका रोग मुरतो.

या बाबतीत आपले शास्त्र काय सांगते? चरकाचार्यांनी मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा व आचार यांचा विभ्रम म्हणजे उन्माद, अशी व्याख्या केली. आगंतु उन्माद मानूनही, त्याच्या मुळाशी प्रज्ञापराध असतो, देव-गंधर्व-पिशाचांना दोष देऊ नये, असे त्यांनी निदानस्थानात बजावले. मात्र प्रज्ञापराध या शब्दाचा अर्थ 'रुग्णाचे पाप' असा लावून त्यास हिणविणे हा दुसरा अन्याय होय.

त्याच संहितेत उन्मादी रुग्णास बांधणे, भीती दाखविणे असेही उपाय आले आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. ते आज सर्वथा त्याज्य आहेत. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे आग लागली, तेव्हा साखळदंडांनी जखडलेले २८ मनोरुग्ण पळू न शकल्याने जळून मेले. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ अन्वये रुग्णास साखळीने बांधणे निषिद्ध आहे. भूत उतरविण्याच्या नावाखाली बांधून मारहाण करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरतो.

अशा रुग्णाचे नातेवाईक देवळानंतर बहुधा वैद्याकडेच येतात, कारण मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्याची त्यांना लाज वाटते. म्हणून आपले दायित्व मोठे आहे. प्रथम 'हा रोग आहे' असे स्वच्छ शब्दांत सांगावे. भ्रम, आत्मघाताचे विचार, दिवसेंदिवस झोप नसणे अशी लक्षणे दिसताच रुग्णास तज्ज्ञाकडे पाठवावे. सोलापूरच्या शासकीय सर्वोपचार रुग्णालयातील मानसोपचार विभाग येथून सुमारे ४० किलोमीटरवर आहे. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांकही कुटुंबास लिहून द्यावा.

चालू असलेली आधुनिक औषधे परस्पर बंद करू नयेत. लिथियम घेणाऱ्या रुग्णास वमन-विरेचन दिल्यास शरीरातील जलांश घटून औषधाची रक्तातील पातळी घातक होऊ शकते. सर्पगंधेविषयीही असेच तारतम्य हवे. १९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व रक्तदाब यांवरील तिचे कार्य जगापुढे मांडले. पण तीच वनस्पती विषादाच्या रुग्णास अधिक खचवू शकते.

मग वैद्याच्या हाती काय उरते? पुष्कळ उरते. नियमित निद्रा, दिनचर्या, आहार, मद्यवर्जन आणि सत्त्वावजय, म्हणजे अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह. बरा झालेला रुग्ण घरी परतल्यावर त्याची शेती, त्याचे दुकान त्याच्या हाती पुन्हा सोपविण्यास कुटुंबाला राजी करणे, हेही याच चिकित्सेचे अंग मानावे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना स्वगृही पोचविणारे कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राचे डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार लाभला. ज्यांना घरच्यांनी गमावले मानले होते, तेही परतू शकतात, हे त्या कार्याने दाखविले.

दर्शनास आलेल्या कुटुंबास दर्शनाबरोबर औषधाचीही वाट दाखवावी, एवढीच क्षेत्रोक्षेत्रीच्या वैद्यबंधु-भगिनींस आमची विनंती आहे.