पत्ता असलेले दिवे

जिन्याच्या तळाशी एक आणि माथ्यावर एक अशा दोन टू-वे बटणांनी एकच दिवा लावण्याविझवण्याची जोडणी आयटीआयमधल्या इलेक्ट्रिशियनच्या प्रत्येक विद्यार्थ्याला आरंभीच करावी लागते. आणि ती एकदा साधली, म्हणजे तारकामाचे एक मूलभूत तत्त्व, कोणी शब्दांत सांगितले नाही तरी, त्याच्या हाती कायमचे येते. दिवा कोणाच्या आज्ञेत राहणार हे तार कुठून निघाली आणि कुठे पोहोचली यावर ठरते, हेच ते तत्त्व. सभागृहातील दहा दिव्यांपैकी चार व्यासपीठाजवळच्या बटणावर हवे असतील तर त्या चारांची तार वेगळी न्यावी लागते, आणि पुढे कोणाला चाराचे सहा करावेसे वाटले तर पाइप उघडावा, छत उकलावे, प्रसंगी भिंत फोडावी, याला गत्यंतर नसते. डिजिटल प्रकाशनियंत्रणाने या जुन्या व्यवहारातील एकच गोष्ट बदलली आहे, परंतु ती मुळातली आहे: दिव्याला ऊर्जा पुरवणारी तार आणि त्याला हुकूम पोहोचवणारी तार या परस्परांपासून विभक्त झाल्या असून, कोणते बटण कोणत्या दिव्याचे हा निर्णय आता तांब्यात नव्हे, तर उपकरणांच्या स्मृतीत नोंदलेला असतो.

एवढ्यावरून हे काम संगणकवाल्यांचे, वायरमनचे नव्हे, असा समज आपल्याकडे रूढ होऊ पाहत आहे आणि तो मला घातक वाटतो. या पद्धतीत जे दोष उद्भवतात त्यांतील बरेचसे तारेचे, जोडणीचे आणि नोंदीचे असतात, आणि ते ओळखण्याची पात्रता ज्याने आयुष्यभर पक्कड व मल्टीमीटर हाताळला त्याच्याच ठायी असते. त्याला हवी असते ती या नव्या व्यवस्थेच्या अंतरंगाची ओळख.

ही ओळख करून देण्यासाठी अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यातील चँडलर हे शहर समोर ठेवणे सोयीचे आहे. फिनिक्स महानगराच्या आग्नेय अंगाला, १९१२ साली अलेक्झांडर जॉन चँडलर या पशुवैद्याने आपल्या विस्तीर्ण जमिनीचे भूखंड पाडून हे गाव वसवले. कालव्याच्या पाण्यावर कापूस पिकवणाऱ्या त्या भूमीवर आज इंटेलचा ओकोटियो येथील अवाढव्य कारखाना, एनएक्सपीचा कारखाना आणि मायक्रोचिप टेक्नॉलॉजी या कंपनीचे मुख्यालय उभे आहे. याच उद्योगामुळे तेथे स्थायिक झालेल्या भारतीय कुटुंबांत मराठी कुटुंबेही आहेत. दिव्याच्या आत बसून हुकूम वाचणारा जो सूक्ष्म नियंत्रक असतो, तशा नियंत्रकांची निर्मिती हा मायक्रोचिपचा मुख्य व्यवसाय आहे, आणि त्यांच्या साहाय्याने आज्ञाधारक दिवा कसा घडवावा याच्या तपशीलवार मार्गदर्शिकाही तिने प्रसिद्ध केल्या आहेत. शिवाय प्रखर ऊन, कडक उष्मा आणि घड्याळाचा एक आगळा कायदा या तीन गोष्टींमुळे प्रकाशनियंत्रणाची जितकी परीक्षा या गावी होते तितकी फार थोड्या ठिकाणी होत असेल.

डिजिटल पद्धतीकडे वळण्यापूर्वी तिच्या थोरल्या बहिणीला भेटले पाहिजे, कारण अमेरिकेतील कार्यालयांत आणि दुकानांत आजही तिचाच अंमल मोठा आहे. शून्य ते दहा व्होल्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या पद्धतीत दोन बारीक तारांवरील दाब जितका वाढेल तितका दिवा उजळतो. दहा व्होल्टला पूर्ण प्रकाश आणि एक व्होल्टच्या आसपास किमान. तार तुटली तर दिवा पूर्ण तेजाने पेटतो, दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर तो किमान पातळीवर जाऊन बसतो, आणि एवढे लक्षात ठेवणाऱ्याला दोषाचा अर्धा शोध जमिनीवर उभ्यानेच लागतो. या तारांचे रंग पूर्वी जांभळा आणि करडा असत; परंतु ज्या व्यापारी इमारतींत दिव्यांना २७७ व्होल्टचा पुरवठा होतो तेथे करडा रंग न्यूट्रलचा मानला जात असल्याने गफलतीला वाव राही, म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युतसंहितेने २०२० च्या आवृत्तीत निर्बंध घातला आणि १ जानेवारी २०२२ पासून करड्याची जागा गुलाबी रंगाने घेतली. त्यापूर्वीच्या इमारतींच्या छतात मात्र जुना करडा अजून आहे, आणि तेथे हात घालणाऱ्याने रंगावर नव्हे, मीटरवर विश्वास ठेवावा.

या पद्धतीची मर्यादा अशी की एका तारजोडीवरचे सर्व दिवे एकच हुकूम ऐकतात, आणि दिव्याला उलट उत्तर देण्याची सोय नसते. ती उणीव भरून काढण्यासाठी युरोपातील उत्पादकांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस जी पद्धत सिद्ध केली तिला डाली म्हणतात. आयईसी ६२३८६ हे तिचे आंतरराष्ट्रीय प्रमाण २००९ पासून प्रसिद्ध होत आले आहे. एका डाली मार्गावर ६४ दिवे बसतात, त्यांतील प्रत्येकाला शून्यापासून ६३ पर्यंतचा स्वतंत्र पत्ता मिळतो, सोळा गट पाडता येतात आणि सोळा प्रकाशयोजना दिव्यांच्याच स्मृतीत साठवता येतात. मार्गावर साधारण सोळा व्होल्टचा दाब असतो. ज्याला बोलायचे असेल ते उपकरण त्या दोन तारा क्षणोक्षणी एकमेकींना जोडून आणि सोडून आपला निरोप धाडते. म्हणूनच या मार्गाला प्रवाहमर्यादा असलेला खास पुरवठा लागतो, आणि त्याची कमाल मर्यादा २५० मिलिअँपिअर मुक्रर केलेली आहे. बाजारातला एखादा साधा सोळा व्होल्टचा पुरवठा येथे जोडणे म्हणजे पहिल्याच निरोपासरशी अपघाताला आमंत्रण होय.

निरोपाची गती सेकंदाला अवघी १२०० बिट. आजच्या काळात ही गती हास्यास्पद वाटेल, परंतु तिच्यामागे मोठे व्यावहारिक शहाणपण आहे, कारण इतक्या संथ निरोपाला विशेष कवचाची केबल लागत नाही, टोकाला रोध बसवावा लागत नाही, आणि दीड चौरस मिलिमीटरची साधी तार तीनशे मीटरपर्यंत कशीही फाटे फोडत नेली तरी चालते. कडे करून ती स्वतःलाच परत जोडू नये, एवढेच पथ्य. बहुतेक उपकरणांत या दोन तारांना उलटसुलट असा भेदही नसतो. मात्र एक गोष्ट तारतंत्र्याने मनावर कोरून ठेवावी. दाब सोळा व्होल्टचा असला तरी हा मार्ग स्पर्शास निर्धोक मानलेला नाही. त्याचे आणि मुख्य पुरवठ्याचे विलगीकरण केवळ प्राथमिक दर्जाचे असते, म्हणून त्याच्याशी मुख्य तारेइतक्याच अदबीने वागावे. युरोपीय रिवाजाप्रमाणे तो मुख्य तारांसोबत एकाच केबलीतून नेता येतो. अमेरिकेत मात्र नियंत्रणाच्या तारा कोणत्या वर्गात मोडतात हे आधी ठरवावे लागते, आणि त्या दुसऱ्या वर्गातील ठरल्या तर शक्तितारांच्या पाइपातून त्यांना जाता येत नाही. भारतातून गेलेल्या कारागिराची प्रथम अडखळण होते ती येथे. आणखी असे की दिवे जोडलेले असताना या दोन तारांमध्ये पाचशे व्होल्टचा मेगर कधीही लावू नये; तसे केल्यास आतले नाजूक भाग निकामी होतात.

आता या साऱ्या विद्येच्या गाभ्याकडे, म्हणजे पत्ते देण्याच्या विधीकडे येऊ. कारखान्यातून आलेल्या दिव्याला पत्ता नसतो. छतात चाळीस दिवे बसवून वीज सुरू केली, म्हणजे नियंत्रक सर्वांना उद्देशून आज्ञा सोडतो की प्रत्येकाने यदृच्छेने एक २४ बिटांची संख्या स्वतःपाशी धरावी. नंतर तो विचारतो, अमुक संख्येइतकी किंवा तिच्याहून लहान संख्या कोणापाशी आहे काय? कोणी होकार दिला की तो मर्यादा निम्म्याने आवळतो, कोणीच बोलले नाही की ती सैल करतो, आणि असे करत करत सर्वांत लहान संख्येचा दिवा एकटा सापडला की त्याला पत्ता देऊन बाजूला बसवतो व पुढच्याच्या शोधाला लागतो. परस्परांना न पाहणाऱ्या चाळीस मूक उपकरणांतून केवळ होकाराच्या आधारे एकेकाला वेगळे काढण्याची ही रीत मला अतिशय सुंदर वाटते. गणिताचा इतका निर्मळ उपयोग रोजच्या वापरातील वस्तूत क्वचितच आढळतो.

परंतु त्या सौंदर्यातूनच एक अडचण जन्मास येते. संख्या यादृच्छिक असल्यामुळे पत्त्यांचा आणि जागांचा काहीही मेळ नसतो. सातव्या पत्त्याचा दिवा दारापाशी असेल आणि आठव्याचा खिडकीत. कोणता पत्ता कोठे आहे हे नियंत्रकाला ठाऊक नसते आणि कधीच ठाऊक होणार नसते. ते ठरवण्यासाठी माणसाने हातात नकाशा घेऊन छताखाली उभे राहावे, नियंत्रकाला एकेक दिवा लुकलुकवायला लावावा आणि जो लुकलुकेल त्याच्यापुढे आकडा लिहावा, याखेरीज सर्वसाधारण उपाय नाही. जमिनीला गट क्रमांक असला तरी सातबाऱ्यावर नोंद होईपर्यंत तिचा व्यवहार सुरळीत होत नाही, तसेच येथे आहे. हा नकाशा जर दफ्तरी राहिला नाही, तर दोन वर्षांनी एखादा ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला वीज पुरवून हुकूम पाळणारा त्यातला भाग, जळेल, नवा बसवणारा तो बसवून निघून जाईल, आणि तो बिनपत्त्याचा दिवा बटणाला दाद देणार नाही. दुसऱ्या जागेवरून काढलेला जुना ड्रायव्हर येथे बसवला असेल तर एकाच पत्त्यावर दोघे उत्तर देऊ लागतील आणि त्यांचे निरोप एकमेकांत मिसळून अर्थहीन होतील. अशा वेळी सगळे पत्ते पुसून प्रारंभापासून काम करण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण त्यामुळे गट आणि प्रकाशयोजनांचा जुना हिशेबही निरर्थक होऊन बसतो.

प्रकाशाच्या पातळ्या १ ते २५४ अशा असतात आणि त्या समप्रमाणात चढत नाहीत. मानवी नेत्राला मंद प्रकाशातील फरक अधिक जाणवतो, म्हणून मधली १२७ ही पातळी पूर्ण प्रकाशाच्या सुमारे तीन टक्केच देते, आणि निम्मा प्रकाश मिळतो तो २२९ व्या पातळीला. लक्समीटर लावून दिवा बिघडला असे घाईने ठरवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

चँडलरचा उष्मा या व्यवस्थेला नाना तऱ्हांनी छळतो. २०२३ च्या उन्हाळ्यात शेजारच्या फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस तापमान ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४३ अंश सेल्सिअस, किंवा त्याहून अधिक राहिले. खोलीत कोणी आहे की नाही हे ओळखणारे सर्वसाधारण संवेदक शरीराची उष्णता आणि पार्श्वभूमीची उष्णता यांतील फरक टिपतात. गॅरेजमधील हवा आणि भिंती माणसाच्या त्वचेइतक्याच तापल्या म्हणजे तो फरक नाहीसा होतो, आणि माणूस समोर वावरत असताना दिवे विझतात. तेथे ध्वनिलहरींचा किंवा सूक्ष्मलहरींचा आधार घेणारा संवेदक बसवणे इष्ट. ड्रायव्हरमधील विद्युतविच्छेद्य संधारकांचे आयुष्य दर दहा अंश वाढीमागे सुमारे निम्मे होते असा अनुभवसिद्ध ठोकताळा आहे, तेव्हा तापलेल्या माळ्यावर ड्रायव्हर ठेवण्याऐवजी तो वातानुकूलित भागात आणण्याची तजवीज करणे हा वायफळ खर्च नव्हे. उलट बाजूने, भरपूर सूर्यप्रकाशाचा लाभ घेऊन खिडकीलगतचे दिवे आपोआप मंद करण्याची योजना येथे दुहेरी फळ देते, कारण वाचलेला प्रत्येक वॅट वातानुकूलन यंत्रावरचा भारही हलका करतो.

घड्याळाची हकीकत याहून चमत्कारिक आहे. अमेरिकेतील बहुतेक राज्ये मार्चमध्ये घड्याळे तासभर पुढे करतात. अ‍ॅरिझोनाने १९६७ मध्ये हा प्रयोग करून पाहिला आणि १९६८ पासून, नाव्हाहो राष्ट्राचा प्रदेश वगळता, तो सोडून दिला. इतर राज्यांसाठी जुळवलेला नियंत्रक येथे तसाच बसवला, तर मार्चनंतर त्याचे घड्याळ निमूटपणे तासभर पुढे जाते. सूर्यास्ताला लागणारे दिवे मात्र वेळेवरच लागत राहतात, कारण सूर्यास्ताचे गणितही त्याच चुकीच्या घड्याळात मांडलेले असते. रात्री दहाला विझायचे दिवे तेवढे नऊलाच विझतात. निम्मे वर्तन अचूक आणि निम्मे चूक पाहून लोक संवेदक बदलतात, नियंत्रक बदलतात, आणि दोष असतो एका चौकटीतील खुणेत.

घरगुती कामात आणखी एक बाब पाहावी लागते. डिजिटल बटणाला स्वतः जागे राहण्यासाठी वीज लागते, म्हणून त्याच्या पेटीत न्यूट्रल हवा. अमेरिकेच्या संहितेने ही अट बहुतांश जागी २०११ पासून घातली, त्यामुळे त्याआधीच्या घरांत पेटी उघडून पाहिल्याशिवाय माल मागवू नये. महाराष्ट्रातल्या जुन्या इमारतींच्या स्विचबोर्डांनाही हीच तपासणी लागू आहे.

इमारतीतील सर्व डाली दिवे एकाएकी पूर्ण तेजाने पेटले आणि कोणत्याही बटणाला जुमानेनासे झाले, तर घाबरून ड्रायव्हर काढू नयेत. मार्गावरील दाब अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ नाहीसा झाला की दिव्याने पूर्ण प्रकाशावर जावे अशीच मूळ योजना असते, म्हणजे अंधारापेक्षा उजेड बरा. प्रथम मार्गावरचा दाब मोजावा. सोळाच्या आसपास असेल तर नियंत्रकाकडे वळावे. शून्य असेल तर पुरवठा तपासून, तो ठीक असल्यास तारा मधोमध सोडवून कोणत्या अर्ध्यात त्या एकमेकींना चिकटल्या आहेत ते पाहावे, आणि तो अर्धा पुन्हा अर्धा करावा. काम संपल्यावर, ज्या जंक्शन बॉक्समध्ये दोष सापडला त्याची जागा पत्त्यांच्या नकाशावर तारखेसह नोंदवून त्या नकाशाची एक प्रत वितरणपेटीच्या दाराच्या आतील बाजूस लावावी आणि दुसरी मालकाच्या स्वाधीन करावी.